जुन्या घड्याळाचा चेहरा

कोणी जुने मनगटी घड्याळ पुढे केले की आपण आधी काय पाहतो? मशीन झाकणाआड असते, ते दिसत नाही. केसकडे फारसे लक्ष जात नाही. आपण पाहतो ती तबकडी, घड्याळवाल्यांच्या बोलीत डायल. कंपनीचे नाव तिच्यावर, आकडे तिच्यावर, काटेही तिच्यावरच फिरतात. माणसाला जसा चेहरा, तशी घड्याळाला डायल. आणि चेहऱ्याचे जे होते तेच डायलचेही होते. ओळख तिच्यावरून पटते आणि रंगरंगोटीही तिचीच होते.

गेल्या काही वर्षांत जुन्या घड्याळांना पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. जे घड्याळ एकेकाळी बंद पडले म्हणून कपाटात टाकले, त्याला आज लोक चांगले पैसे मोजतात. त्यातही डायल नेहमीपेक्षा निराळी असेल तर भाव आणखी चढतो. काळ्या डायलवर लष्करी बाणाची खूण, देवनागरी आकडे, उर्दू किंवा अरबी आकडे, एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह, केशरी किंवा पोपटी रंग, असे काही दिसले की विकणारा लगेच 'दुर्मिळ' हा शब्द काढतो. प्रश्न एवढाच असतो की ही निराळी डायल कारखान्यातूनच निराळी निघाली, की नंतर कोणी तिला तशी केली?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला तसा नवा नाही. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढे सुमारे तीनशे वर्षे तिच्या हाती नकला होत राहिल्या. नकलकारांनी कुठे शब्द बदलला, कुठे आपली ओवी घातली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. मागाहून घुसलेल्या अशा मजकुराला आपण प्रक्षेप म्हणतो. तो ओळखायचा तर भाषेचे वळण पाहावे लागते, मागचा-पुढचा संबंध पाहावा लागतो, दुसऱ्या प्रतीशी ताडावे लागते. मी शब्दांच्या धंद्यातला माणूस आहे. मला जुनी डायल ही अशीच एक छोटी पोथी वाटते. चार-पाच शब्द, बारा आकडे आणि साठ रेघा, एवढाच तिचा मजकूर. पण प्रक्षेप त्यातही होतात आणि ओळखायची रीतही तीच आहे.

आता आपल्या नगरकडे या. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, हे पिढ्यान्‌पिढ्या लष्कराचे गाव. १९४८ साली इथे आर्मर्ड कॉर्प्स सेंटर अँड स्कूल उभे राहिले. या दलात आजही साध्या शिपायाला 'सवार' म्हणतात. फारसीतला हा शब्द उर्दूत आला आणि आपण त्याला घोडेस्वारातला स्वार केले. घोडे गेले, रणगाडे आले, हुद्दा तोच राहिला. हा शब्द घड्याळाच्या डायलवरही चढला होता. १८८० च्या दशकात मुंबईत आपला व्यापार उभारणाऱ्या वेस्ट एंड वॉच कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या काळात 'सोवार' नावाचे घड्याळ काढले, आणि पुढे 'सोवार प्रायमा' हे नाव घरोघर पोचले. स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या घड्याळाला हिंदुस्थानी घोडदळातल्या शिपायाचे नाव! फौजेतल्या आणि रेल्वेतल्या लोकांकडे ही घड्याळे खूप होती.

दुसरी कंपनी फेवर-ल्युबा. १८६५ पासून तिचा मुंबईशी संबंध. तिची 'सी चीफ', 'सी किंग' ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ होती. आणि मग आले आपले एचएमटी. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असलेले जवाहरलाल नेहरू पुढे पंतप्रधान झाले आणि १९६१ साली बंगळूरच्या कारखान्यातून निघालेल्या एचएमटी घड्याळांची पहिली खेप त्यांच्याच हस्ते बाहेर पडली. तंत्र जपानच्या सिटिझन कंपनीचे होते. त्या कारखान्याचे चावी देऊन चालणारे 'जनता' हे घड्याळ कोणत्या लग्नात नव्हते? जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ, असा तो जमाना. एचएमटीने देवनागरी आकड्यांच्या डायल काढल्या, काळ्या डायलचे 'पायलट' काढले, संस्थांची बोधचिन्हे असलेली घड्याळेही करून दिली. तेव्हा निराळी डायल म्हणजे खोटी डायल, असा सरसकट हिशेब करता येत नाही. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. कारखान्याचे दार लागले आणि बाजारात मात्र 'एचएमटीची दुर्मिळ डायल' वाढतच गेली. यातच काय ते समजावे.

या साऱ्याच्या मुळाशी आपल्या देशाचा एक आर्थिक इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. स्विस घड्याळ पाहिजे तर जुने सांभाळा, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेले शोधा. सुट्या भागांचीही टंचाई. त्यात आपली हवा. घाम आणि पावसाळ्यातला दमटपणा चावीच्या भोकातून आत शिरतो, डायलवरचे लाखेचे पातळ अस्तर उडते, डाग पडतात, पितळ हिरवे होते. नवी डायल मिळायची नाही. मग करायचे काय? जुनीच पुन्हा रंगवायची. मुंबईत हा एक धंदाच झाला. डाग पडलेली डायल घासून साफ करायची, नवा रंग द्यायचा, आकडे आणि नाव पुन्हा छापायचे. गिऱ्हाइकाला वेळ नीट दिसावी आणि चारचौघांत घड्याळ घालता यावे, एवढाच हेतू. त्यात कोणतीही फसवणूक नव्हती. टंचाईच्या काळातला तो एक प्रामाणिक हुन्नर होता.

फसवणूक सुरू झाली ती नंतर. याच कारागिरीतून मग मूळ घड्याळावर कधीच नव्हते असे रंग आले, लाल क्रॉस आले, लष्करी चिन्हे आली. रोमर, कॅमी, हेन्री सँडोज अशा कंपन्यांची रंगीबेरंगी घड्याळे परदेशात विकली जाऊ लागली. तिकडचे शौकीन अशा घड्याळांना आज 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि हे कौतुकाने म्हणत नाहीत. आपल्या शहराचे नाव एका नकली मालाला चिकटावे, याचे वाईट वाटते. म्हणून खरे-खोटे पारखण्याची रीत आपल्याला यायला हवी.

आधी खरी डायल बनते कशी ते पाहू. पितळेची पातळ चकती घेतात. तिच्या मागच्या बाजूला सहसा दोन बारीक पाय असतात. हे पाय मशीनमधल्या ठरावीक भोकांत बसतात आणि बाजूच्या बारीक स्क्रूने आवळले जातात. पुढच्या बाजूला रंग किंवा मुलामा चढतो. अक्षरे कोरलेल्या धातूच्या पट्टीत शाई भरतात, मऊ गादीने ती उचलतात आणि डायलवर ठेवतात. त्यामुळे कारखान्यातली छपाई दहापट भिंगाखाली किंचित उठावदार आणि कडेला स्वच्छ दिसते. रंगवलेल्या डायलवर अनेकदा अक्षरे जाड-बारीक होतात, शाई पसरते, अक्षरांमधले अंतर चुकते. कंपनीच्या नावाचे वळण मूळ नावाशी जुळत नाही. जाणकाराला एका 'आर' च्या शेपटीवरूनही शंका येते.

मग मिनिटांच्या रेघा पाहाव्यात. बाराची खूण आणि साठावी रेघ एका ओळीत हवी. वर बसवलेल्या धातूच्या खुणा आणि छापलेल्या रेघा एकमेकींना चुकवत असतील, तर खुणा जुन्या आणि रेघा नव्या असा अर्थ निघतो. सेकंदाची छोटी तबकडी मूळ डायलमध्ये थोडी खोल असते आणि तिच्यात बारीक गोल रेषा असतात. डायल घासली की या रेषा बुजतात. सहाच्या खाली 'स्विस मेड' ही बारीक अक्षरे असतात. ती गायब असली, किंवा कडेखाली अर्धी गेली असली, तर थांबावे. डायलच्या कडेला कधी एक बारीक खाच दिसते. पुन्हा छापताना डायल सरळ बसावी म्हणून रंगवणारे ती पाडतात. पण काही मूळ डायललाही खाच असते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. चार साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले तरच मानावे.

सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे मशीन. डायलवर 'ऑटोमॅटिक' लिहिले आहे आणि झाकण उघडले तर आत चावीचे साधे मशीन, असे प्रकार आढळतात. डायलवर पंचवीस ज्वेल आणि मशीनवर सतरा, हेही तसेच. डायलचे पाय कापून ती गोंदाने किंवा चिकटपट्टीने बसवलेली असेल, तर ती दुसऱ्या घड्याळाची आहे हे जवळजवळ नक्की. मात्र इथेही घाई नको. वेस्ट एंडच्या काही जुन्या घड्याळांत लाँजिनचे मशीन मूळचेच आहे, कारण ती कंपनी दुसऱ्यांकडून मशीन घेत असे. आत दुसरे नाव दिसले म्हणून खरे घड्याळ खोटे ठरवणे हाही अन्यायच.

डायल आणि काटे यांचे वय जुळते का, हेही पाहायचे. काट्यांवर गंज चढलेला आणि डायल आरशासारखी, असे कसे होईल? दोघे एकाच काचेखाली राहिले आहेत. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांत तर काळाची खूण आपोआप उमटते. जुन्या काळी चमकण्यासाठी रेडियम वापरत. घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून राहिले तर काट्यांवरच्या रेडियमने डायलवर तपकिरी सावली पडते. काट्यांवर जुने रेडियम आहे, डायलवर ठिपके मात्र पांढरेशुभ्र, तर काहीतरी बदलले आहे. १९६० च्या दशकात रेडियम मागे पडून ट्रिटियम आले आणि अनेक स्विस डायलवर 'स्विस मेड' च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर दिसू लागले. घड्याळ १९४५ चे आणि डायलवर 'टी', तर ती डायल नंतरची.

इथे एक सावधगिरीही सांगतो. रेडियमची चमक गेली म्हणजे रेडियम गेले, असे नाही. थकते ती त्यात मिसळलेली चमकणारी पूड. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. अमेरिकेत १९१०-२० च्या दशकांत अशा डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी बारीक करीत आणि त्यातल्या कित्येक जणी भयंकर आजारांनी मेल्या. म्हणून जुन्या चमकत्या डायलवरची पूड खरवडू नका, फुंकू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

आता आकड्यांविषयी. उर्दू किंवा अरबी आकडे असलेले घड्याळ आले की 'निजामाच्या काळातले' अशी कथा जोडली जाते. जरा डोळे उघडून वाचावे. अरबीतला चार आणि सहा निराळ्या वळणाचा असतो, फारसी-उर्दूतला निराळा. अरबी वळण असेल तर ते घड्याळ बहुधा अरब देशांच्या बाजारासाठी छापलेले असते. देवनागरीतही पाच, आठ आणि नऊ यांची मुंबईकडची वळणे वेगळी आणि उत्तरेकडची जुनी वळणे वेगळी. एकाच डायलवर दोन्हीकडची वळणे मिसळलेली दिसली, तर छापणाऱ्याला लिपी परकी होती असा संशय घ्यायला जागा आहे. निवाडा मात्र त्याच मॉडेलच्या दुसऱ्या खात्रीच्या नमुन्याशी ताडूनच करावा.

लष्करी डायलचा मामला त्याहून गुंतागुंतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, ब्रिटिश सैन्यासाठी बारा स्विस कंपन्यांनी एकाच धर्तीची घड्याळे बनवली. काळी डायल, पांढरे आकडे, सेकंदाची छोटी तबकडी, डायलवर सरकारी बाण आणि पाठीवर तीन वेळा 'डब्ल्यू' हे अक्षर. पुढे ब्रिटिश संरक्षण खात्यानेच यांतल्या अनेक घड्याळांच्या रेडियमच्या डायल काढून ट्रिटियमच्या बसवल्या. आता ही डायल मूळ नाही, पण खोटीही नाही. ती सरकारने अधिकृतपणे बदललेली आहे. म्हणजे खरी आणि खोटी या दोनच पेट्या पुरत नाहीत. मूळ डायल, अधिकृतपणे बदललेली, वापरासाठी रंगवलेली आणि फसवण्यासाठी बनवलेली, असे चार प्रकार करावे लागतात.

एवढे करून मोठमोठे फसतात का? फसतात. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचे रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांना गेले. त्या धर्तीच्या डायलची घड्याळे निघाली तेव्हा दुकानात पडून राहत. भाव चढला तशी त्या डायलच्या नकलांची रांग लागली. त्याहून मोठा धडा ओमेगाचा. १९५७ सालचे म्हणून सांगितलेले, काळ्याची तपकिरी झालेल्या डायलचे एक स्पीडमास्टर २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हात ३१ लाख स्विस फ्रँकांहून जास्त किमतीला विकले गेले. घेणारे होते खुद्द ओमेगाचे संग्रहालय. २०२३ साली कंपनीनेच जाहीर केले की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते. ज्यांनी घड्याळ बनवले त्यांच्याच संग्रहालयाची ही गत. तेव्हा नगरच्या किंवा मुंबईच्या बाजारात 'साहेब, गॅरंटीने ओरिजिनल' असे कोणी म्हटले तर त्या गॅरंटीची किंमत आपण ओळखावी.

कागदाचा आधार मिळाला तर उत्तम. लाँजिनसारख्या कंपनीने आपल्या जुन्या वह्या जपल्या आहेत. मशीनवरचा नंबर कळवला तर ते घड्याळ कोणत्या तारखेला, कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाले हे कळू शकते. डायलचा रंग त्या वहीत असेलच असे नाही. मग त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, कंपनीची सूचिपत्रके आणि घरातला जुना फोटो उपयोगी पडतो. लग्नाच्या फोटोत आजोबांच्या मनगटावर पांढरी डायल दिसते आणि आज ती केशरी आहे, याहून मोठा पुरावा कोणता?

आपल्या रणगाडा संग्रहालयाचे उदाहरण घेऊ. १९९४ पासून ते नगरची ओळख बनले आहे. उघड्यावर उभ्या असलेल्या रणगाड्याला नवा रंग दिला म्हणून तो खोटा ठरत नाही. पण उद्या कोणी त्यावर भलत्याच रेजिमेंटचे चिन्ह काढले आणि हा अमुक लढाईतला म्हणून सांगितले, तर रंग तोच राहून खोटेपणा सुरू होईल. डायलचेही तेच आहे. रंगवलेली डायल खोटे बोलत नाही. तिला मूळची म्हणून विकणारा बोलतो. एका काळी गरजेपोटी केलेली दुरुस्ती दुसऱ्या काळी थापेचे साधन होते. फरक पडतो तो तिच्याबद्दल बोललेल्या एका वाक्याने.

यात नुकसान फक्त शौकिनांचे नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत निवृत्त शिपायांची, शिक्षकांची, साखर कारखान्यातल्या कामगारांची घड्याळे पेटीत पडून आहेत. त्यांच्या डायल डागाळल्या आहेत, पिवळ्या पडल्या आहेत. नातवंडे हौसेने ती दुरुस्तीला देतात आणि सांगतात, नव्यासारखे करून द्या. कारागीर बिचारा सांगितले ते करतो. घासलेली डायल पुन्हा मिळत नाही. तिच्याबरोबर तो डाग जातो, ती सावली जाते, कारखान्यातली ती छपाई जाते. पैशाच्या हिशेबातही पिवळी पडलेली मूळ डायल चकचकीत रंगवलेल्या डायलपेक्षा बहुधा जास्त मोलाची ठरते. आणि दुसरीकडे, घरात आधीच रंगवलेली डायल असेल तर तिची लाज वाटण्याचेही कारण नाही. त्या टंचाईच्या दिवसांत कोणीतरी आपले घड्याळ मोडीत न काढता जपले, याची ती खूण आहे. विकायची वेळ आली तर तेवढे खरे सांगून विकावी.

तेव्हा घड्याळ घेऊन दुरुस्तीला जाल तेव्हा एवढेच सांगा: मशीन साफ करा, तेल घाला, काच बदला, पण डायलला हात लावू नका.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)